बाहुल्याला माईक द्या, पण आधी इको बंद करा

प्रति,
सोलापूर शहरातील सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे सांस्कृतिक प्रमुख आणि शाळांच्या स्नेहसंमेलन समित्या यांस,

सप्रेम नमस्कार.

दहा दिवसांतली एक संध्याकाळ आणि त्या संध्याकाळची पंचवीस मिनिटं, एवढंच मागायला हे पत्र. त्यातली बारा मिनिटं एका शब्दभ्रमकाराला, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करणाऱ्या कलाकाराला, आणि त्याच्या बाहुल्याला द्या, उरलेली दोघांच्या बतावणीला, म्हणजे तमाशातल्या वेडा-शहाणा जोडीच्या विनोदी संवादाला. ऑर्केस्ट्रा, रेकॉर्ड डान्स, पैठणीचे खेळ यांतलं काही बंद करा असं आमचं म्हणणं नाही. लेझमाला तर आम्ही हातच लावत नाही.

तुमचं उत्तर आम्हाला पाठ आहे. "आता कोण बघतंय ते? मागं एकदा ठेवलेलं, पब्लिक उठून गेलं." गेलं असेल की. पण कशामुळं गेलं? बोलक्या बाहुल्यांचा खेळ मांडवात पडतो तो बहुतेक वेळा आवाजाच्या आणि बसण्याच्या मांडणीमुळं. कलाकार तयारीचा असला तरी पडतो. आणि ती मांडणी कलाकाराच्या हातात नसते, तुमच्या हातात असते. म्हणून आधी तुमच्या वाट्याचं सांगतो, मग कलाकाराच्या.

पहिला शत्रू इको, म्हणजे आवाज घुमवणं. मिक्सरवरचं ते बटण गाण्याला बरं, शब्दभ्रमाला विष. ओठ न हलवता बोलायचं म्हणजे काही अक्षरं खरी उच्चारायचीच नाहीत, त्यांच्या जागी जवळची दुसरी ठेवायची आणि ऐकणाऱ्याच्या कानाकडून ती दुरुस्त करून घ्यायची. कान हे काम बिनबोभाट करतो, पण अक्षराची कड स्वच्छ ऐकू आली तरच. त्यावर इकोचं शेपूट चढलं की बाहुला नुसता घशात काहीतरी गुरगुरतोय असं वाटतं आणि तिसऱ्या मिनिटाला मागच्या रांगेतला माणूस मोबाईल काढतो. तेव्हा इको आणि रिव्हर्ब शून्यावर. सब-वूफर बंद. दीडशे हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका आणि दोन ते चार किलोहर्ट्झचा पट्टा किंचित वर घ्या, कारण त, द, न, क, ट यांची धार तिथं असते. साउंडवाला कुरकुर करेल, "मग आवाजात दम राहत नाही" म्हणेल. त्याला म्हणावं, पंचवीस मिनिटं दम खा.

शब्दभ्रमकाराच्या हातात माईक देऊ नका. त्याचा एक हात बाहुल्याच्या पाठीत असतो, दुसरा बाहुल्याचा हात हलवायला किंवा स्वतःच्या हावभावाला लागतो. कॉलर माईक लावला तर बाहुल्याचे कपडे त्यावर घासतात आणि खरखर होते. डोक्यावरून येणारा हेडसेट सगळ्यात बरा, टोक तोंडाच्या कोपऱ्यापासून दोन बोटं लांब. काळा जाडजूड नको, त्वचेच्या रंगाचा बारीक आणा, नाहीतर ओठ झाकायलाच लावलाय असा संशय येतो. तो नसेल तर छातीच्या उंचीवर एक स्टँडचा माईक, एक ते सव्वा फुटावर. बाहुल्यापुढं दुसरा माईक ठेवायचा तर नुसता देखाव्याचा, बंद. बाहुला तो रागानं स्वतःकडं ओढतो तेव्हा हमखास हशा येतो. चुकून चालू राहिला तर दोन उघडे माईक एकमेकांशी भांडतात आणि शिट्टी सुटते.

आता बसण्याचं. बाहुल्याचं डोकं शहाळ्याएवढं आणि जबडा उघडतो फार तर दीड सेंटिमीटर. ही उघडझाप बारा-पंधरा मीटरपर्यंत नीट दिसते, त्यापुढं नाही. म्हणजे दीडशे-दोनशे माणसं, जवळजवळ बसलेली, पुढं सतरंजीवर पोरं. पाच हजारांच्या गर्दीला हा खेळ दाखवणं म्हणजे टपाल तिकिटावरचं चित्र रस्त्याच्या पलीकडून बघायला लावणं. "आमच्याकडं एलईडी वॉल आहे" असं लगेच कुणीतरी म्हणणार. तीच तर अडचण. कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत चित्र पोचायला आवाजापेक्षा किंचित उशीर लागतो. गाण्यात तो खपून जातो. बाहुल्याच्या जबड्यात नाही खपत, शब्द आधी आणि तोंड मागून. भ्रम तिथंच संपला. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर पाळण्यांच्या भोंग्यांत हा खेळ बसवायचा विचारही करू नका. हुतात्मा स्मृती मंदिरासारखं बंदिस्त नाट्यगृह, शाळेचा हॉल किंवा तीन बाजूंनी कनात लावलेला छोटा मांडव, या याच्या जागा.

उजेड समोरून, दोन्ही बाजूंनी तिरका, स्थिर. फिरणारे रंगीत दिवे बंद. जनरेटर मंचामागं नको. वेळेचंही ठरवून घ्या. रात्री दहानंतर भोंग्याला बंदी असते, सवलतीचे मोजके दिवस सोडले तर, आणि विनोद घाईत सांगता येत नाही. साडेआठला आरती, मग प्रसाद, नऊला खेळ सुरू, साडेनऊच्या आत संपला. खेळ चालू असताना प्रसाद वाटू नका, एवढी एक विनंती हात जोडून.

हे सगळं एवढ्या बारकाईनं सांगायचं कारण, ही कला जुनी झाली म्हणून गेलेली नाही. शब्दभ्रम म्हटलं की मराठी माणसापुढं अजून अर्धवटराव उभा राहतो. यशवंत केशव पाध्ये यांचा हा बाहुला त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी पुढं चालवला, आणि त्याच्या शेजारी आवडाबाई. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा त्यांचाच, १९९३च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचूही त्यांनीच घडवलेला. आज चाळिशीतल्या कुणालाही विचारा, त्याला सशाचं हसू आठवतं आणि तात्याची भीतीही. लाकूड, लगदा आणि स्प्रिंगची वस्तू माणसाला तीस-तीस वर्षं आठवते, ती तिला स्वभाव दिलेला असतो म्हणून.

स्वभाव आधी, ओठ नंतर. हे पटत नसेल तर एडगर बर्गनकडं बघा. या अमेरिकी शब्दभ्रमकारानं १९३७ पासून रेडिओवर बाहुला गाजवला. रेडिओवर! जिथं ओठ दिसतच नाहीत. बर्गनचे ओठ हलत, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचा बाहुला चार्ली मॅकार्थी त्यावरूनच मालकाची टर उडवी. लोक ऐकत ते चार्लीचा आगाऊपणा. १९३८ मध्ये बर्गनला मानाचं ऑस्कर मिळालं, तेही लाकडाचं. आमची नवी पोरं मात्र उलटं करतात. सहा महिने ओठ बांधून घेतात आणि बाहुल्याला बोलायला देतात मोबाईलवर आलेले जुने विनोद.

तरी ओठांचं तंत्र टाळून चालत नाही. इंग्रजी पुस्तकांतले अक्षर-बदलीचे तक्ते मराठीला जसेच्या तसे लागू होत नाहीत, म्हणून हे जरा सविस्तर.

आवाज पोटातून येत नाही आणि "फेकला"ही जात नाही. आवाज नेमका कुठून आला हे ओळखण्यात कान कच्चा असतो, तो डोळ्यावर विसंबतो. हलणारं तोंड दिसलं की आवाज त्याच्या नावावर जमा होतो. म्हणून बाहुला बोलत असताना कलाकारानं त्याच्याकडं पाहायचं, आणि स्वतःचा गळा, खांदे, भुवया शांत ठेवायच्या. ओठ किंचित विलग, हलकं हसू असल्यासारखे. दात अलगद टेकलेले. जीभ आत मोकळी. या बैठकीत अ, आ, इ, ई, ए सहज निघतात. उ, ऊ, ओ, औ यांना ओठांचा चंबू लागतो, तो करायचा नाही. जिभेचा मागचा भाग उचलून घशातच जागा अरुंद करायची. नवशिक्यांचे ओठ सगळ्यात जास्त इथंच हलतात, आणि त्यांना वाटतं आपलं 'प'वर चुकतंय.

खरी भांडकुदळ अक्षरं सहा : प, फ, ब, भ, म, व. त्यांच्या जागी अनुक्रमे त, थ, द, ध, न आणि घशातल्या घशात 'उअ'. जीभ वरच्या दातांच्या मागं हलकेच टेकवून सोडायची आणि मनात मात्र मूळ अक्षर म्हणायचं. मनात 'प', जिभेवर 'त'. हसू नका, फरक पडतो. मनात 'प' धरला की श्वासाचा दाब आपोआप मऊ होतो.

मराठीची गोची अशी की बदली अक्षर घातल्यावर दुसराच खरा शब्द तयार होतो. पाट म्हणायला जावं तर ताट. बार म्हटलं तर दार. भार म्हटलं तर धार. मऊ म्हटलं तर नऊ. पाट आणि ताट दोन्ही जेवणाच्याच पंगतीतले, तेव्हा संदर्भसुद्धा मदतीला येत नाही. आणि आपल्या गावाचं काय होतं बघा : सोलापूरचं 'सोलातूर'. ऐकणारा गोंधळतो, सोलापूर म्हणाला की लातूर? पंढरपूरचं तर विचारूच नका. याच्यावर उपाय एकच, संहिता लिहितानाच शब्द निवडायचे. अक्कलकोट आणि सांगोला बिनधास्त घ्या, दोन्हींत ओठाचं एकही अक्षर नाही. बार्शी, मोहोळ, करमाळा कलाकाराच्या तोंडी टाका. चादर चालते, टॉवेल नको. शेंगाचटणी चालते, दही चालतं, हुरडा चालतो, भाकरी मात्र 'धाकरी' होते. नात्यांत तर देवानं सोयच करून ठेवली आहे. आई, आजी, काका, काकू, नाना, तात्या, अण्णा, दादा, अक्का, दाजी, सगळी मोकळी. मामा, बाबा, बापू, भाऊ, वहिनी टाळा. बाहुल्याचं स्वतःचं नाव काहीही चालेल, कारण ते कलाकार उच्चारतो आणि त्याचे ओठ मोकळे असतात.

गणेशोत्सवात एक हमखास अपघात होतो. निवेदक उत्साहात बाहुल्याला म्हणतो, "आधी बाप्पाचा जयघोष होऊन जाऊ दे!" 'गणपती बाप्पा मोरया' हे वाक्य शब्दभ्रमकाराला सापळा म्हणून रचल्यासारखं आहे. प, ब, जोडाक्षरातला प्प आणि वर म. बाहुल्याच्या तोंडून ते 'गणतती दात्ता नोरया' असं येतं, आणि पहिल्याच वाक्याला खेळ उघडा पडतो. निवेदकाला आधी ताकीद द्या. बाहुल्यानं हात वर करून "गजानना! एकदंता!" म्हणावं, जयघोष कलाकारानं आणि मांडवानं करावा. गजानन आणि एकदंत, दोन्ही नावांत ओठाला काम नाही.

ओठाचं एक अक्षरही न लागता बाहुल्याला किती बोलता येतं, त्याचा हा नमुना :

कलाकार : दाजी, एवढ्या पहाटे कुठं?
बाहुला : अक्कलकोटला.
कलाकार : स्वामींच्या दर्शनाला?
बाहुला : नाही. उधारी टाळायला.
कलाकार : कोणाची उधारी?
बाहुला : तुझीच की!
कलाकार : अहो, मी तुम्हाला कधी पैसे दिले?
बाहुला : दिले नाहीस. आता देशील. दीडशे काढ.

पहाट, स्वामी, तुम्हाला, पैसे, सगळी अडचणीची अक्षरं माणसाकडं आहेत. बाहुल्याकडं एकही नाही. 'तुझीच की' हा सोलापुरी हेल बाहुल्याच्या तोंडी फार छान बसतो, मोकळेपणानं वापरा. ज्यांचं घर शहराच्या पूर्वभागात, तेलुगू वस्तीत आहे त्यांना आणखी एक खजिना. तेलुगू 'रा' म्हणजे ये, 'लेदु' म्हणजे नाही. कानडी 'इल्ला' म्हणजे नाही, 'एनु' म्हणजे काय. ओठ कुठंच लागत नाहीत. मध्येच एक 'लेदु' टाकून दिला तर अर्धा मांडव स्वतःहून टाळी देतो.

सराव रोज पंधरा मिनिटं, आरशासमोर, आणि आठवड्यातून एकदा मोबाईलवर चित्रण. समोरून एक, बाजूनं एक. समोरून न दिसणारी गळ्याची हालचाल बाजूनं दिसते. बाहुल्याचा आवाज कलाकाराच्या आवाजापासून चांगला लांब हवा, उंच किंवा नाकातला. घसा आवळून काढलेला नको. घशात खवखव सुरू झाली की त्या दिवशी बंद. शाळेतल्या पोरांच्या बाबतीत आवाज फुटायच्या वयात हे कटाक्षानं पाळा.

पहिला महिना मोज्याचा बाहुला पुरे. चार बोटं वर, अंगठा खाली. इथं शिकायची गोष्ट एकच : तोंड प्रत्येक अक्षराला नाही, उच्चाराच्या प्रत्येक ठोक्याला उघडतं. 'अक्कलकोट' लिहिताना पाच अक्षरं, बोलताना तीन ठोके. अक्, कल, कोट. तीनदाच उघडा. आणि अंगठा खाली जाऊन तोंड उघडलं पाहिजे. नवशिक्या चार बोटं वर उचलतो, त्यामुळं बाहुला दर शब्दाला आभाळाकडं बघतो. बाहुला गप्प असतानाचं कामही तेवढंच. चार-पाच सेकंदांत मानेची एक बारीक हालचाल हवी. कलाकार बोलतोय आणि बाहुला खिळ्याला टांगल्यासारखा लोंबतोय, तर तो मेला. दुसऱ्या वाक्याला जिवंत होत नाही मग.

पुढचा बाहुला कागदाच्या लगद्याचा, घरी होतो. उंची तीन ते साडेतीन फूट, पूर्ण वजन दोन किलोच्या आत, त्यात डोकं पाऊण किलोपेक्षा जास्त नको. डोकं जड झालं की दहाव्या मिनिटाला मनगट थरथरतं आणि बाहुल्याला हिव भरल्यासारखं दिसतं. मातीचा साचा करून त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे सात-आठ थर. पांढरा डिंक आणि पाणी समसमान. प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा नाही. सोलापूरच्या उन्हात तासाभरात वाळतो म्हणून कुणी गच्चीवर ठेवेल, तर ठेवू नका. वरचा थर आधी आवळतो, आतला ओला राहतो आणि गाल वाकडा होतो. सावलीत, वाऱ्यावर. वाळल्यावर कानामागून उभा कापून माती काढायची, दोन भाग पुन्हा चिकटवायचे.

जबडा वेगळा कापून कानाखाली आडव्या तारेवर बसवा, दोन्ही बाजूंना एक-एक मिलिमीटर फट ठेवून. फट कमी ठेवली तर श्रावणाच्या दमट हवेत लगदा फुगतो आणि जबडा अडकतो, नेमका उत्सवाच्या तोंडावर. मानेतून खाली एक इंची लाकडी दांडी, तिच्यावर अंगठ्यानं ओढायची कळ. कळीपासून जबड्यापर्यंत सुतळी किंवा साधी नायलॉन दोरी नको, ती ताणते आणि पंधरा दिवसांत तोंड अर्धंच उघडू लागतं. सायकलच्या ब्रेकची तार तिच्या नळीसकट घाला. मिटवायला हलकी स्प्रिंग. रबरबँड चालतं, पण उन्हात कुजतं, म्हणून दर खेळाआधी नवं. जबडा मिटताना टक्क आवाज येतो, तो माईकमध्ये फटाक्यासारखा जातो, तेव्हा आतून जाड बनातीचा तुकडा चिकटवा. रंग बिनचकाकीचा. तेलकट रंगावर दिवा पडला की चेहऱ्यावर पांढरा डाग दिसतो आणि डोळे हरवतात. डोळ्यांची बुबुळं किंचित आत वळलेली रंगवा. सरळ रंगवलेला बाहुला कुठंच न बघणारा वाटतो.

एक गोष्ट करू नका. अर्धवटरावाची किंवा तात्याची नक्कल बनवू नका. त्या कुणाच्या तरी आयुष्यभराच्या पात्रांची उचलेगिरी होते, शिवाय तुलनेत तुम्हीच पडता. तुमच्या पेठेतला एखादा स्वभाव घ्या. उधारी बुडवणारा, सगळ्यांना सल्ले देणारा, पावसाळ्यातही पाण्याच्या टँकरची वाट पाहणारा. स्वभाव घ्यायचा, माणूस नाही. वॉर्डातल्या कुणाचा चेहरा काढलात तर हसू त्या रात्रीपुरतं आणि भांडण वर्षभराचं.

दोघांच्या बतावणीला बाहुला लागत नाही, पण हिशेब तोच. एक वेडा, एक शहाणा. तमाशात गण-गवळणीनंतर आणि वगाच्या, म्हणजे मुख्य नाट्याच्या, आधी येणारी बतावणी याच हिशेबावर उभी आहे. सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरच्या लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांनी काळू-बाळू म्हणून 'जहरी प्याला' या वगात दोन हवालदार उभे केले. जाड्या-रड्या म्हणून आपण ओळखतो त्या लॉरेल-हार्डीत निम्मं हसू दोघांच्या अंगकाठीतच असतं. जुळ्यांना ती सवलत नाही. दिसायला सारखेच असल्यावर फरक सगळा बोलण्यात आणावा लागतो, आणि तोच शिकण्यासारखा. दूरदर्शनवरच्या चिमणराव-गुंड्याभाऊमध्ये दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्याकडं दिसण्यातला फरकही होता आणि बोलण्यातलाही, एक घाबरट आणि बोलका, दुसरा दांडगा.

मंडळात नट निवडताना हमखास चूक होते ती इथं. जो पोरगा गल्लीत सगळ्यांना हसवतो त्याला वेडा करतात, ठीक, आणि शहाण्याच्या जागी जो मोकळा असेल तो. प्रत्यक्षात अवघड काम शहाण्याचं. वाक्य कधी सोडायचं, हशा कधी चढू द्यायचा, विषय परत रुळावर कधी आणायचा, सगळं तोच ठरवतो. अमेरिकेत अबट आणि कॉस्टेलो या जोडीत सुरुवातीला मिळकतीची वाटणी साठ-चाळीस होती आणि साठ टक्के हसवणाऱ्या कॉस्टेलोला नव्हे, शहाण्या अबटला. धंद्यातल्या लोकांना किंमत माहीत होती.

सोलापुरी बतावणीला विषय शोधायला लांब जायची गरज नाही. तीन भाषा एका बोळात नांदतात, तिथं गैरसमज फुकट मिळतो. स्टेशनवर गाडी सुटायला आली आहे, शहाणा डब्याच्या दारात उभा राहून वेड्याला बोलावतोय :

शहाणा : बा! बा लवकर!
वेडा : कुणाचा? तुझा का माझा?
शहाणा : अरे, कानडीत बा म्हणजे ये!
वेडा : मग बा येणार का मी येऊ?
शहाणा : तूच ये! रा, रा!
वेडा : बरं, राहतो. (पिशवी ठेवून खाली बसतो.)

तेलुगू 'रा' म्हणजे ये, आणि वेड्याच्या कानाला तो 'राहा' वाटतो. पण इथं सगळं गाडीवर उभं आहे. गाडी सुटतेय ही घाई शहाण्याला खरोखर वाटली पाहिजे, तो तळमळला पाहिजे. त्याला आपण विनोद करतोय हे ठाऊक आहे असं चेहऱ्यावर दिसलं की 'राहतो' पडला. आणि पिशवी ठेवून बसणं हे वाक्यानंतर, वाक्याबरोबर नाही. आधी शब्दाला हशा, तो उतरू लागला की बसण्याला दुसरा.

हशा मोजायला शिका. तो चढतो, टोकाला जातो, उतरतो. टोकाला असताना पुढचं वाक्य म्हटलं तर कुणाला ऐकू जात नाही. पूर्ण विझल्यावर म्हटलं तर मांडव थंड झालेला असतो. अर्ध्याहून जास्त उतरला की तिथं वाक्य टाकायचं. तालमीत हशा नसतो, म्हणून तिसऱ्या माणसानं समोर बसून टाळ्यांनी खोटा हशा द्यावा, कधी लहान, कधी मोठा, कधी मुद्दाम काहीच नाही. दोघांना दोन वेगळे माईक. एकच माईक एकमेकांकडं फिरवत राहिलं की प्रत्येक वाक्याआधी अर्धा सेकंद जातो, आणि विनोदाचं सगळं मोल त्या अर्ध्या सेकंदात असतं. बारा मिनिटांना हजार-अकराशे शब्दांची संहिता पुरते. पोरं अडीच हजार लिहून आणतात आणि मग गाडी पकडल्यासारखी पळतात.

बायकोवरचे, जातीवरचे, तोतरेपणावरचे विनोद संहितेत आले तर तालमीतच काढा. ते जुने आहेत म्हणूनसुद्धा, पण मुख्य कारण असं की पुढं सतरंजीवर पोरं बसलेली असतात आणि दुसऱ्या दिवशी तेच शाळेत एखाद्या तोतऱ्या पोरावर वापरलं जातं.

वेळापत्रकाचं म्हणाल तर आषाढी एकादशीपासून गणेश चतुर्थीपर्यंत, मध्ये अधिक महिना आला नाही तर, बावन्न-त्रेपन्न दिवस मिळतात. वारी परतली की लागा. पहिले दोन आठवडे नुसते स्वर आणि सहा अक्षरं, मोज्याच्या बाहुल्यावर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संहिता, आणि त्याच वेळी लगद्याचे थर, कारण ते वाळायला वेळ लागतो. पाचवा-सहावा आठवडा बाहुला हातात घेऊन तालीम. सातव्यात साउंडवाल्याला बोलावून त्याच्याच यंत्रणेवर एकदा तरी पूर्ण खेळ. हा शेवटचा भाग मंडळं गाळतात आणि मग खापर बाहुल्यावर फुटतं.

शिकवायला माणसं हवी असतील तर आषाढीच्या आत निरोप धाडा. आम्ही येऊ, मानधन नको. एक खोली द्या, छातीपर्यंत दिसेल असा आरसा द्या, आणि खेळाच्या रात्री साउंडच्या टेबलाजवळ आमच्यातल्या एकाला उभं राहू द्या, इकोच्या बटणाशेजारी.

आपले,
बोलक्या बाहुल्या आणि बतावणीवर जीव असलेले काही सोलापूरकर

ता. क. खेळ संपल्यावर पोरं बाहुल्याच्या तोंडात बोटं घालायला येतातच. जबड्याची तार तिथंच वाकते. बाहुल्याला लगेच पेटीत ठेवा, आणि पेटी उन्हातल्या गाडीच्या डिकीत नको. डिंक मऊ पडला की सकाळी नाक गळून पडलेलं असतं.